त्रेपन्नावा आठवडा

स्टाफान एकमार्कला मी ओळखत होतो असं म्हणायला जीभ अडखळते. एस्किल्स्टूनातल्या आमच्या इमारतीत तो माझ्या थेट वरच्या घरात राहिला, दीडेक वर्ष. त्याचं गाव कोणतं, आईवडील आहेत की नाहीत, मी कधी विचारलं नाही. आयुष्यभर लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवल्या; तोंड न उघडता काम करायची सवय लागली ती लागलीच. पण समोरच्या दारातली गुन्नेल म्हणते, इमारतीत त्याच्याशी बोलणारा तू एकटाच होतास, तर तूच काहीतरी लिहून ठेव. तिचं ऐकावं लागतं.

तो वसंतात आला, बायकोपासून वेगळा होऊन. मुलगी टूवा एक आठवडा आईकडे, एक आठवडा त्याच्याकडे. आमच्या देशात वेगळं झालेल्या बहुतेकांचं असंच असतं: वर्षातल्या आठवड्यांना क्रमांक असतात, त्यातले विषम एकाचे, सम दुसऱ्याचे. सम आठवडे स्टाफानचे. मला ते छतावरून कळायचं. सम आठवड्यात वर धावपळ, उड्या, काहीतरी सांडल्याचा आवाज. विषम आठवड्यात फक्त त्याच्या खुर्चीची चाकं, टेबलापासून खिडकीपर्यंत आणि परत.

तो घरी बसून लोकांच्या वेबसाइट तयार करायचा. बहुतेक काम तारखांचं, असं म्हणाला होता: कुठे आरक्षण, कुठे वर्गणी संपायची मुदत. जिन्यात कुणीही त्याला विचारायचं, “स्टाफान, कितवा आठवडा?” आणि तो वर न बघता क्रमांक सांगायचा.

आमच्या तळघरात सगळ्यांची मिळून एक धुण्याची खोली आहे. बाहेर लाकडी फळी होती. ज्याला जो दिवस हवा त्यानं त्या दिवसाच्या भोकात आपलं कुलूप अडकवायचं. कुणाचं तरी कुलूप कुणीतरी सरकवायचं आणि मग भांडणं. शरदात स्टाफाननं फळीच्या जागी वेबसाइटचं एक पान करून दिलं, फुकट. मला ते जमेना, तेव्हा तो खाली माझ्याकडे आला आणि हौसेनं पानाच्या मागचा कोडही उघडून दाखवू लागला.

“हे बघ हिल्डिंग, यात जानेवारी म्हणजे शून्य.”

“शून्य काय?”

“महिने शून्यापासून मोजतात. डिसेंबर येतो अकरावर.”

“आणि तारीख? तीही शून्य?”

“छे, तारीख एकपासूनच.”

“कुणी ठरवलं हे?”

“होता कुणीतरी घाईतला,” तो म्हणाला. त्याला मी हसताना पाहिला तो तेव्हाच. “तुला हे काही लागणार नाही रे म्हाताऱ्या. तू आठवडा निवड, वार निवड, झालं.”

“तारीख कुठे दिसत नाही ती?”

“इथे तारीख कोण विचारतं? आठवड्याचा क्रमांक मात्र कॉम्प्युटर आयता देत नाही. तो मी काढून देतो.”

तोच हिशेब त्यानं स्वतःसाठीही वापरला होता. त्याच्या टेबलावरच्या पडद्यावर आठवड्यांची एक पट्टी कायम उघडी असे. टूवाचे आठवडे हिरवे.

नाताळाचा आठवडा सम होता. टूवा स्वतः खाली येऊन दारात उभी राहिली.

“हिल्डिंग, सहा जानेवारीला मी नऊची होणार. सुट्टीच असते, तू ये. केक हिरवा असणार.”

“मी म्हातारा तिथे येऊन काय करू?”

“बसायचं. पप्पाकडे खुर्च्या खूप आहेत, माणसं नाहीत.” मग जिन्यातून ओरडली, “आणि रिकाम्या हातानं येऊ नकोस!”

ते दोघं वेगळे झाल्यानंतरचा तिचा हा पहिलाच वाढदिवस. स्टाफाननं पट्टीवर पाहिलं होतं, तो आठवडा हिरवा होता. त्यानं तिला शब्द दिला होता. केक सांगितला होता, बर्फावरचे नवे स्केट आणून ठेवले होते. मीही बाजारात जाऊन लोकरीचे हातमोजे घेतले. माप गुन्नेलला विचारलं.

सोमवारी टूवा आईकडे गेली. मंगळवारी सकाळी गुन्नेलनं माझं दार बडवलं.

“हिल्डिंग! पानावर तुझं नाव आणि मशीन रिकामं. मेलास की काय?”

“माझी वेळ पुढच्या मंगळवारी. आठवडा एक.”

“पानावर हाच आठवडा एक आहे.”

माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात या आठवड्यावर त्रेपन्न छापलेलं होतं. चूक माझीच असणार, असं वाटून मी कॅलेंडर काढलं आणि वर गेलो. स्टाफाननं ते हातात घेतलं. डिसेंबरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“गुरुवार ज्या वर्षात पडतो, आठवडा त्या वर्षाचा,” तो म्हणाला. “परवाचा गुरुवार एकतीस डिसेंबर. म्हणजे हा आठवडा जुन्याच वर्षाचा, त्रेपन्नावा. मी बावन्नानंतर सरळ एक धरला.”

“असू दे रे, धुणंच तर आहे. मी आत्ता धुतो.”

तो माझ्याकडे बघत नव्हता. पट्टीकडे बघत होता. त्यानं कोडमध्ये काहीतरी बदललं आणि सहा जानेवारीवरचा हिरवा रंग गेला. त्रेपन्नही विषम, त्यापुढचा पहिला आठवडाही विषम. लागोपाठ दोन आठवडे आईचे.

मी निघालो होतो, तो म्हणाला, “थांब ना.” फोन टेबलावर ठेवून, आवाज मोठा करून त्यानं टूवाच्या आईला, मारिकाला फोन लावला.

“मारिका, पुढच्या आठवड्याचं जरा बोलायचं होतं.”

“आम्ही आईकडे चाललोय स्टाफान, लुलेओला. तिकिटं कधीच काढलीत. आठवडा एक आहे ना?”

“हो. एकच आहे.”

“मग?”

“मी दोन धरला होता.”

मग ती म्हणाली, आणि रागानं नाही म्हणाली, “क्रमांकानं वाटून घ्यायचं तूच म्हणाला होतास. आकडे भांडत नाहीत म्हणालास. आईला मी काय सांगू आता? तिनं सगळ्यांना बोलावलंय.”

मला वाटत होतं, आता हा म्हणेल, एवढा एक दिवस दे. तो म्हणाला, “बरोबर आहे. विषम आहे.”

“टूवाला तूच सांग. इथेच आहे ती, ऐकतेय सगळं.”

“पप्पा? पण तुझ्याकडे हिरवं होतं.”

“चुकलं होतं गं ते.”

“कॉम्प्युटर चुकला?”

“नाही. मी चुकलो.”

“मग हिल्डिंग येणार नाही?”

स्टाफाननं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, कशासाठी ते मलाच माहीत नाही.

सहा तारखेला दुपारी तो केक घेऊन खाली आला. सांगून ठेवला होता, आणावाच लागला. आम्ही कॉफी केली. हातमोजे मी त्याच्याकडे दिले, त्यानं ते मांडीवर ठेवले. दोन मोठी माणसं हिरवा केक किती खाणार? उरलेला गुन्नेलला दिला.

धुण्याचं पान त्यानं त्याच आठवड्यात दुरुस्त केलं. आता तिथे तारखाही दिसतात. पुन्हा कधी कुणाची वेळ चुकली नाही.

जूनमध्ये मारिकाला लुलेओत नोकरी मिळाली आणि टूवा तिच्याबरोबर गेली. इतक्या लांबून एकाआड एक आठवडा जमत नाही. टूवा सुट्ट्यांत येणार असं ठरलं. छतावर खुर्चीची चाकंही मग कमी ऐकू येऊ लागली.

ऑक्टोबरात माझ्या खुब्याचं ऑपरेशन झालं. बऱ्याच दिवसांनी घरी आलो तर वर दुसरं बिऱ्हाड होतं. स्टाफान घर विकून गेला, कुठे ते गुन्नेललाही सांगितलं नाही. तो जाणार आहे हे मला माहीत नव्हतं, नाहीतर निदान हात तरी हातात घेतला असता.

त्याआधी, सप्टेंबरात कधीतरी, तो तळघरात भेटला होता. एकट्याचेच कपडे घड्या घालत होता. पुढची वेळ घ्यायची म्हणून मी सवयीनं विचारलं, “कितवा आठवडा चालू आहे रे?”

त्यानं हातातला शर्ट खाली ठेवला.

“थांब,” तो म्हणाला, “बघून सांगतो.”