पत्रा धरणारी माणसं

राहू गावात आमच्या शेजारी हौशीरामआबांचं पत्र्याचं घर होतं. वळवाचं वारं सुटलं की त्या घरात एक ठरलेला कार्यक्रम चाले. आबा आणि वच्छलाकाकू, दोघं नवरा-बायको, पत्रा उडू नये म्हणून त्याखालच्या आडव्या पाइपाला लोंबकळत. पत्र्यावर दगड ठेवलेले असतच, पण आबांचा दगडांवर भरवसा नव्हता. आबा काटकुळे, काकू अंगानं चांगल्या भरलेल्या. "घर माझ्या वजनावर उभं हाय, ह्यांचं निस्तं नाव," असं त्या गावभर सांगायच्या आणि आबा मिशीत हसायचे.

मला त्या प्रकाराचा राग यायचा. पत्रा जायचा तर जाऊ द्यावा, माणसानं का लोंबकळावं? पण आमच्याकडं निम्मं गाव हेच करतं. आमच्या घरीसुद्धा.

मागल्या वर्षी मे महिन्यात भरदुपारी अंधारून आलं. दोघं नेहमीसारखी पाइपाला लटकली. तेवढ्यात बाहेर लिंबाखाली बांधलेली गाभण शेळी जीव खाऊन ओरडायला लागली. लिंबाची फांदी कडकडत होती. "तू जा, सोड तिला. मी धरतो," आबा म्हणाले. काकूंनी हात सोडले. त्या दाराबाहेर पडतात न पडतात तोच मागं पत्रा उचलला. आबांनी पाइप सोडला नाही. पत्र्यासकट ते पलीकडच्या उसाच्या बांधावर जाऊन आदळले. आम्ही पोचलो तेव्हा जीव गेला होता. शेळीला ओरखडाही नव्हता.

मुलगा गोकुळ शिक्रापूरला कंपनीत आहे. त्यानं वर्षाच्या आत आईला स्लॅबचं घर बांधून दिलं. शेळी काकूंनी विकू दिली नाही, पण तिच्याकडं परत कधी बघितलंही नाही. तिला चारा मीच टाकतो.

यंदा परत तसंच वारं सुटलं. काकू घरात एकट्या, म्हणून मी पळत गेलो. दार सताड उघडं. काकू खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, दोन्ही हात वर, मुठी आवळलेल्या. वर धरायला काहीच नव्हतं.

"काकू, हात खाली घ्या. स्लॅब हाय ह्यो, उडत न्हाई."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "पर मागल्या बारीला म्या सोडलं."

वारं पडेपर्यंत त्यांनी हात खाली घेतले नाहीत. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि माझेही हात वर केले.