मायचं हिरवं लुगडं

आज काकूला दवाखान्यात न्यायचं म्हणून तिची पेटी उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी ती सकाळ समोर उभी राहिली.

दारात बैलगाडी जुंपलेली, माय तापानं फणफणलेली. गोऱ्या डॉक्टरच्या दवाखान्यात भाकरीचं पीठसुद्धा घरून न्यावं लागे. मायच्या गाठोड्यात मी पीठ, मिरची आणि दोन लुगडी बांधली होती. काकूनं त्यातलं नवं, हिरवं काढून घेतलं.

"दवाखानामा एकच पुरस," ती म्हणाली.

माय परत आली नाही. हिरवं लुगडं मात्र काकूच्या अंगावर सारंगखेड्याची जत्रा फिरून आलं.

तेच आज पेटीच्या तळाशी सापडलं, विटलेलं. काकूच्या गाठोड्यात तेवढंच ठेवून मी गाठ आवळली.

"एकच?" काकूनं विचारलं.

"दवाखानामा एकच पुरस, काकू."