पात्यामागची पट्टी

बावड्याच्या भीमानं राजवर्धनवर डूख धरला होता आणि तो लपवायची त्याला गरजही वाटत नव्हती. तीस वर्षं दारं-चौकटी घडवलेला माणूस. त्याच्या हातचा दरवाजा हवा म्हणून चांगली चांगली घरं महिना महिना थांबायची. दीड वर्षापूर्वी बारामतीत राजवर्धनच्या फर्निचरच्या कारखान्यात कटरवर फळी चिरताना ती उलटी उसळली आणि थेट भीमाच्या पोटात बसली. डॉक्टरांनी पोटातली फुटलेली पांथरी काढून टाकली. तेवढ्यावर तो गप्प बसलाही असता. पण राजवर्धन ज्याला त्याला सांगत सुटला, "म्हातारा झालाय भीमा. फळी नीट धरता येत न्हाय."

धादांत खोटं! कटरच्या पात्यामागं पोलादाची एक पट्टी उभी असते. चिरलेल्या फळीच्या दोन फाका मिटून पात्याला आवळू नयेत, एवढंच तिचं काम. ती नसली की ओलं लाकूड पात्याला पकडतं आणि पातं ती फळी माणसाच्या अंगावर भिरकावतं. खाचा पाडताना आड येते म्हणून राजवर्धननं ती काढायला लावली होती. भीमानं तीनदा मागितली, तर म्हणाला, "आधी काम उरका." पण ज्याच्या हातून फळी सुटली त्या सुताराचं ऐकतो कोण? त्याचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या गंगारामतात्यांनी आपल्या नव्या बंगल्याच्या दारांचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. ते त्याला पोटाच्या टाक्यांपेक्षा जास्त झोंबलं.

"जाऊ द्या की आता," त्याची बायको शकुबाई म्हणायची.

"पोट फाटलं ते जाऊ दिलं असतं. त्यानं माझा हात बदनाम केलाय."

खंडेनवमीला राजवर्धनकडं मशीनची पूजा असते. पूजेनंतरचा पहिला काप मालक स्वतः घेतो आणि तो बघायला गिऱ्हाइकं जमतात. यंदा भीमाही गेला, काखेत कडुनिंबाची ओली, पिळलेली फळी घेऊन. ती निवडायला त्यानं आठ दिवस घालवले होते. खरं सांगायचं तर ती राजवर्धनच्या पोटात बसावी, अशीच त्याची इच्छा होती. आरतीत हात जोडून त्यानं दुसरं काही मागितलं नाही.

पूजा आटोपली तसा तो पुढं झाला.

"मालक, पयला काप माझ्या फळीचा घ्या. तुमचा हात काय चुकायचा न्हाय."

चारचौघांत नाही कसं म्हणणार? राजवर्धननं हसत बटण दाबलं आणि फळी उचलली. हातात येताच त्याला ओल कळली. त्यानं पात्यामागं पाहिलं. भीमाही तिकडंच बघत होता. जागा रिकामी होती.

"घ्या की. नीट धरली म्हंजी झालं. तुमीच म्हणत व्हता."

राजवर्धननं फळी पात्याजवळ नेली आणि मागं ओढली. पुन्हा नेली. गंधाखालून घाम ओघळला. शेवटी त्यानं बटण बंद केलं आणि कामगारांवर ओरडला, "अरं, ती मागची पट्टी आणा! माझ्या ड्रॉवरमधी हाय. तिच्याबिगर ही फळी पोट फाडंल!"

गिऱ्हाइकांतले गंगारामतात्या पुढं आले.

"राजवर्धन, भीमाच्या टायमालाबी ती ड्रॉवरमधीच व्हती?"

राजवर्धननं मान डोलावली.

"त्यानं मागितली व्हती का?"

"व्हय."

तात्यांनी भीमाच्या खांद्यावर हात ठेवला. "माझं चुकलं गड्या. दारं तूच कर."

"करतो, तात्या," भीमा म्हणाला. गेलेलं नाव परत आलं होतं, पण त्याचा राग काही उतरला नव्हता. कामगारानं आणलेली पट्टी त्यानं मधेच हातातून घेतली आणि स्वतःच्या खिशात घातली.

"काप राहिलाय, मालक."

राजवर्धननं सगळ्यांदेखत हात जोडले.

"हात कशाला जोडता?" भीमा म्हणाला. "फळी धरा."