एक मांजर, जिवंत

आमी दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते गवार मोडायचं. सकाळी ओट्यावर बसलो होतो, मधे पाटी. मी शेंगेचे दोन तुकडे करायचो, ती माझे तुकडे उचलून परत मोडायची. म्हणाली, "भाजी करायची हाय, सरपण न्हाय." मांजर तिच्या पायाला पाठ घासत होतं. त्याच्याकडं बघून तिला एकदम हसू फुटलं. "अहो, तुमचं ते दुकान! एवढुसं. आन मी मेली किती वर्षं भ्यायले त्याला."

दुपारी जेवून जरा पडली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला झोपेतच गेली. हे रडायला लिहीत नाही. ती कशाला हसली ते सांगायला लिहितोय.

मी देशी दारूच्या दुकानात काउंटरला होतो. तेहतीस वर्षं. सरकारमान्य दुकान, रोडच्या कडेला, सणसरच्या अलीकडं. मालक बारामतीत राहायचे. मी चौथी शिकलेला, पण त्या कामाला शाळा लागत नाही. जाळीच्या बारक्या खिडकीतून हात आत येतो, त्या हातावर बाटली ठेवायची. हातावरून माणूस ओळखायला शिकलो. तोंड बघायची गरज पडली नाही.

आमची सुभद्रा माळकरी. माझं लग्न झालं तेव्हा मी साखर कारखान्यात रोजंदारीवर होतो. दुकानाला लागलो आन तिनं नियम केला. कामावरून आलं की आधी नळावर आंघोळ, मग उंबरा. साबण लावून. दुकानावरून जायचं असलं तर ती रोडच्या पलीकडनं जायची, नाकाला पदर लावून. पहिल्या एकतीस वर्षांत एकदाही पायरीशी आली नाही.

तिचं मांजर मात्र रोज यायचं. ठकी. काळी-पांढरी. पोरगी इंदापूरला दिल्यापासून सुभद्रा तिच्याशीच बोलायची. ठकीला चटक उंदरांची. उंदीर पेट्यांचे पुठ्ठे कुरतडतात, बाटलीचं लेबल खातात, आन लेबल फाटलेली बाटली विकता येत नाही. म्हणून ठकी माझ्या मागं मागं दुकानात. सुभद्रा म्हणायची, "सोता गेला ते गेला, माझं मांजर पण लावलं देशीला."

मग कोरोना आला. मालकाचा फोन, "आबा, शटर ओढा. साहेब निघालेत." साहेब म्हणजे एक्साईजचे. आमच्याकडं त्यांना दारूबंदीचे साहेब म्हणतात. आले, घाईत होते, तोंडाला दोन मास्क. कुलपाला दोरा बांधला, त्यावर लाख वितळवून शिक्का मारला. ह्याला म्हणायचं सील. सील तुटलं की दुकानाचं लायसन गेलं आन तोडणारा आत गेला.

पहिल्याच दिवशी गावानं रंग दाखवला. एकानं दवाखान्याचा कागद आणला, म्हणे मला रोज घ्यायला सांगितलीय. बघितलं तर कागद खोकल्याचा, आन तोही त्याच्या सासूचा. दुसरा म्हणाला, "प्यायला नको आबा, हात धुवायला द्या." बायका तर खूश. ज्या मला बघून थुंकायच्या त्या "आबा, च्या घेता का?" विचारायला लागल्या. पण तात्याची बायको दोनच दिवसांत टेकीला आली. तात्या म्हणजे माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. ती म्हणाली, "आबा, प्यालेला बरा होता वो. गप पडून ऱ्हायचा. आता सकाळपासनं चुलीपुढं बसून भाजीत मीठ किती ते सांगतोय."

त्या गडबडीत ठकी घरी नाही हे माझ्या ध्यानातच आलं नाही. सुभद्राच्या आलं. दोन दिवस ती वाटी वाजवत आळीभर फिरली. तिसऱ्या दिवशी सकाळी रशीदभाई आले. त्यांचं पंक्चरचं दुकान आमच्या भिंतीला भिंत लागून.

"आबा, तुमच्या दुकानात कोण रडतंय वो?"

हातातलं टाकून उठलो. गेलो, शटरला कान लावला. ठकीच. आवाज पार बारीक. वर पत्रा, चैत्राचं ऊन, आत पाण्याचा थेंब नाही. बाकी सगळ्याचे थेंब होते.

मालकाला फोन लावला. मालक म्हणाले, "मांजरापायी लायसन घालवतो का? सीलला हात लावू नको." साहेबांचा नंबर मागितला. म्हणाले, "लोकं मरायला लागलीत, आन मांजराचं काय सांगू त्यांना?" फोन ठेवला.

घरी येऊन सुभद्राला सांगितलं. ती चिडली नाही, त्याचीच भीती वाटली. एवढंच म्हणाली, "कोंडताना हाक मारायची न्हाय का एक?"

डोकं रशीदभाईंनी चालवलं. हवा भरायच्या पंपाची जुनी नळी आणली. शटरखाली बोटभर फट होती, तिथनं नळी आत सरकवली, वरच्या तोंडाला नरसाळं लावलं आन मी तांब्यानं दूध ओतायला लागलो. आत ठकी चाटते का नाही ते कळायला मार्ग नव्हता. आमी दोन म्हातारे रोडच्या कडेला उकिडवे बसून शटरखाली नळी घालतोय, हे लांबून कसं दिसत असंल ह्याचा इचार आमी केला नाही. गावानं केला.

पहिला तात्या आला. हातात पाण्याची रिकामी बाटली. "आबा, लय दिवसाची दोस्ती हाय आपली. मला पण लाव की नळी."

"तात्या, दूध हाय ते."

"मग मला दूध दे, पण त्याच नळीचं दे."

त्याच्या मागं आणखी चौघं. एकानं घागर आणलेली. मी शिव्या देऊन हाकलली. गेले, पण ज्याला मिळालं नाही त्यानं फोन फिरवला. म्हातारा नळी लावून सीलबंद दुकान उपसतोय म्हणून. तासाभरात जीप आली. जे बोलावून आले नसते ते साहेब चहाडीनं आले.

जीप बघून गावाला वाटलं दुकान उघडतंय. मोजून दहा मिनिटांत लाईन लागली. तोंडाला गमजे, दोन हातांचं अंतर, कुणी ढकलाढकली नाही. पोलीस महिनाभर शिकवत बसले असते तरी जमलं नसतं.

साहेबांनी नळी उचलली, हुंगली. "हे काय आहे?"

"मांजराला दूध पाजत होतो, साहेब."

"बावीस वर्षं नोकरी केली मी. लोकांनी औषध सांगितलं, तीर्थ सांगितलं. मांजर नव्हतं सांगितलं कुणी."

"आत हाय, साहेब. ऐका."

साहेबांनी कान लावला. ठकी गप. मी शटर वाजवलं. गप. लाईनीतनं तात्या मदतीला धावला, तोंडावर गमजा धरून "म्यांव" म्हणाला. साहेबांचं तोंड लाल झालं. तात्याकडं बोट करून हवालदाराला म्हणाले, "ह्याला जीपमध्ये घे."

तेवढ्यात लाईन मधनं फाकली. सुभद्रा आली. रोडच्या पलीकडनं नाही, सरळ. पोरं म्हणाली, "काकू, लाईनीत या!" तिनं बघितलं पण नाही. पायरी चढली आन साहेबांपुढं उभी राहिली.

"साहेब, हे खोटं बोलत न्हाईत. खोटं बोलायला डोकं लागतं."

मग शटरला तोंड लावून म्हणाली, "ठके, ये गं बाय."

आतनं आवाज आला.

साहेबांनी मास्क खाली केला, वर केला. मोठ्या साहेबांना फोन लावला. आमाला एकच बाजू ऐकू येत होती. "होय सर. मांजर. नाही सर, प्राणी. नाही सर, घेतलेली नाही." मग म्हणाले, "सील काढायचं तर पंचनामा लागेल. पंच कोण होतंय?" पंच म्हणजे साक्षीदार, दोन लागतात. अख्ख्या लाईनीनं हात वर केला. साहेबांनी रशीदभाई आन एक न पिणारा मास्तर निवडला. न पिणारा मास्तर लाईनीत कशाला उभा होता, ते त्यांनी विचारलं नाही.

लाख फोडली. शटर हातभर वर केलं, त्यावर नाही. मी वाकून हात घातला. ठकी पेट्यांच्या मागं सरकली. मी बोलावलं, आणखी सरकली.

सुभद्रा म्हणाली, "सरा. तुमच्या अंगाला वास येतोय."

तीन दिवस दुकान बंद होतं. वास कुठला? पण सरलो. ती पोटावर पडली आन अर्धी शटरखाली गेली. माझ्या बायकोचं डोकं देशीच्या दुकानात, पाय रोडवर, मागं अख्खं गाव. मग आतनं तिचा आवाज आला.

"एवढंच हाय व्हय?"

लाईन वाकून बघायला लागली.

"चार मांडण्या आन एक स्टूल. ह्याच्यापायी मरता व्हय रं मुडद्यांनो?"

लाईन हसली. साहेब पण हसले. ती ठकीला छातीशी धरून बाहेर आली, लुगडं धुळीनं माखलेलं. साहेबांनी शटर ओढलं, नवी लाख लावली. लाईनीतनं असा उसासा निघाला की मैतीला पण निघत नाही.

जीपच्या खिडकीतनं तात्या ओरडला, "साहेब, मांजर सोडली, आमी काय पाप केलं?"

"तुम्ही आत नाही अडकला, बाहेर अडकलाय. त्याला पंचनामा नसतो," साहेब म्हणाले आन त्याला उतरवला.

कागदावर लिहिलं, एक मांजर, जिवंत, काळे-पांढरे, बाकी माल जसाच्या तसा. ताब्यात घेणार म्हणून सुभद्रानं अंगठा दिला.

पुढं दुकान उघडलं. लाईन लागली, ढकलाढकली झाली, लाठी चालली, तात्याच्या बायकोनं सुटकेचा श्वास टाकला. सुभद्रा त्यानंतर रोडच्या ह्याच बाजूनं जायला लागली. पदर मात्र नाकाला. दोन वर्षांनी मी काम सोडलं. तेहतीस वर्षांत मी एवढंच शिकलो, शटर ओढायच्या आधी आत एक हाक मारावी.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरात माणूस मावत नव्हतं. ठकी भिऊन कॉटखाली पार भिंतीला जाऊन बसलेली. पोरगी दुधाची वाटी घेऊन बोलावून थकली. मी उठलो, नळावर गेलो, आंघोळ केली. साबण लावून, दोनदा. मग घरात येऊन सगळ्यांच्या देखत पोटावर पडलो आन कॉटखाली डोकं घातलं.

"ठके, ये गं बाय."

पाचव्या हाकेला आली.