सलाइनच्या दांड्यावरच्या गाठी

लोक सोनं घेतात, प्लॉट घेतात. मी मोडीत निघालेल्या अँब्युलन्स घेते. पुंडलिकनगरातल्या आमच्या घरी पाहुणे आले की आमचे हे मुद्दाम सांगतात, "आमच्या मंडळींना न्यायची वेळ आली, तर गाडी घरचीच आहे." पाहुणे हसतात. मीही हसते, आणि यांच्या चहात साखर टाकायची विसरते.

माझं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान आहे. एकदा फोम शोधत भंगारवाल्याकडे गेले, तर कोपऱ्यात एक जुनी अँब्युलन्स उभी. दार उघडंच होतं, म्हणून आत जाऊन बसले. अगं बाई, या एवढ्याशा जागेत किती माणसांनी जीव मुठीत धरला असेल! अंगावर सरसरून काटा आला. देवळातसुद्धा मला इतकं हात जोडावंसं वाटत नाही. त्या दिवशी फोम राहिला आणि गाडीच घरी आली. आता बिडकीनच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या दोन अँब्युलन्स आहेत, आणि पितळी घंटेचा एक आगीचा बंब.

त्यातली दुसरी अँब्युलन्स बसक्या नाकाची, गंगापूरकडच्या एका साखर कारखान्याच्या आवारातून आणलेली. तिच्या आत स्ट्रेचरच्या वर सलाइन अडकवायचा लोखंडी दांडा आहे. त्या दांड्याला चिंध्या होत्या, एकीवर एक, गच्च बांधलेल्या, मातीच्या रंगाच्या. मला वाटलं, ड्रायव्हरनं हात पुसायला अडकवल्या असतील.

मग पुण्याहून जुन्या गाड्या पारखणारे एक साहेब आले. त्यांनी पसंत केली तर गाडी मोठ्या प्रदर्शनात जाणार होती, आणि मला त्याची लई हौस होती. साहेबांनी बॅटरी मारून मारून सगळं बघितलं. "रंग मूळचा, भोंगा मूळचा, स्ट्रेचरसुद्धा मूळचं. झकास! फक्त ती घाण काढा आणि फोटो पाठवा." आम्हा जुन्या गाड्यांच्या वेड्यांची ही खोडच आहे. गाडी कारखान्यातून निघाली तशी पाहिजे. नंतर जे लागलं ते सगळं घाण. मी म्हटलं, काढते.

लग्नसराईच्या सीटांचं काम उरकलं आणि एका सकाळी कात्री घेऊन शेडवर गेले. तर फाटकाशी दोघी उभ्या, एक माझ्यापेक्षा थोडी लहान बाई आणि तिची तरणी पोरगी. खंडेनवमीला मी गाड्यांची पूजा केली होती, त्याचा व्हिडिओ पोरीच्या मोबाइलवर फिरत फिरत आला होता.

"गाड्यावाल्या ताई तुम्हीच का?"

"व्हय. काय काम काढलं?" माझा आवाज तसा चढाच असतो.

"ही माझी लेक. तुमच्या गाडीत जन्मली."

मी फाटक सताड उघडलं. चालता चालता ती बोलत राहिली. उसाच्या फडातच कळा सुरू झाल्या, कारखान्याची गाडी आली, आणि वाटेत पोर अडलं. सोबतची म्हातारी म्हणाली, देवाला बोल काहीतरी. "आता गाडीत कुठला देव ताई? झाड नाय, दर्गा नाय. वरल्या दांड्याला आधीच कुणाकुणाच्या चिंध्या होत्या. मी पण पदर फाडला न् बांधला. बोलले, लेकरू जगू दे, त्याच्या लग्नाआधी गाठ सोडायला येते. पुढं गाडीच मोडीत गेली म्हणले. लगीन तोंडावर आलंय. गाठ न सोडता हिला कशी वाटंला लावू?"

हातातली कात्री मी पटकन पदराखाली घातली.

"हिरवं लुगडं होतं," ती म्हणाली. आम्ही तिघींनी एकेक चिंधी चाचपली. एकही हिरवी नव्हती. धुळीनं साऱ्यांचा रंग एकच करून टाकला होता. तिचं तोंड एवढंसं झालं. पोरगी म्हणाली, "आई, जाऊ दे ना." आई तिथून हलेना. स्ट्रेचरकडं बघत राहिली.

"ताई, मी इथं जरा निजू का?"

ती स्ट्रेचरवर आडवी झाली, डाव्या कुशीवर वळली, डोळे मिटले आणि हात वर टाकला. हात थेट दांड्याच्या मागं गेला, जिथं उभ्या माणसाला दिसतच नाही. मूठ मिटली.

"ही."

मी वाकून बघितलं. दुमडीच्या आत नखाएवढा हिरवा रंग अजून होता. इतक्या वर्षांनी, मिटल्या डोळ्यांनी, त्या हाताला जागा आठवत होती!

गाठ दगडासारखी झालेली. सवयीनं मी कात्री पुढं केली.

"कात्री नाय ताई. बांधल्या हातानंच सुटली पाहिजे."

लेकीनं हात लावला तर तिलाही झटकलं. थुंकी लावली, नखं लावली, शेवटी दात लावले. गाठ सुटली. ती चिंधी तिनं लेकीच्या कपाळाला टेकवली आणि हुंदका फुटला. मी काही ऊठसूट रडणारी बाई नव्हे, पण मलाही आवरेना.

डोळे पुसून बघते तो तिथंच, खेटून, आणखी एक हिरवी गाठ. "अहो, ही पण तुमचीच की! राहिली."

ती रडता रडता हसली. "ती माझ्या नावाची. लेकराला वाढवायला मी पण जगावं, म्हणून बांधलेली."

"मग सोडा की."

"कशाला? मी अजून हाये की, ताई."

त्या गेल्यावर मी त्याच स्ट्रेचरवर जाऊन पडले आणि वर बघत राहिले. एवढ्या गाठी, एवढ्या बाया. कुणी आहे, कुणी नसेल. कुणाचं लेकरू आता बापाएवढं झालं असेल. मी त्यांना चिंध्या म्हणत होते.

दुपारी साहेबांचा फोन. "ताई, फोटो नाही आला. निघाली का घाण?"

"एक निघाली," मी म्हटलं. "बाकीच्या ज्यांच्या त्याच सोडतील."

"अहो, मग प्रदर्शनाचं कसं?"

"नाय जमायचं साहेब. गाडी इथून हलायची नाय. एखादी आली आणि गाडी नसली, तर तिनं कुठं जायचं?"