प्रेअरीला जाणाऱ्यांसाठी एका पानात माहिती

आमच्या मंडळात अकरा कुटुंबं आणि एक मी. मी कुटुंब नव्हते, विद्यार्थिनी होते, त्यामुळे मंडळाची लिहिण्याची सगळी कामं माझ्याकडे येत. नॉर्थ डकोटातल्या त्या गावात ऐंशीच्या दशकात मराठी टाइपरायटर कुणाकडेच नव्हता आणि माझं अक्षर बरं होतं, एवढीच माझी पात्रता.

एका जूनमध्ये ठरलं, की सगळ्यांनी मोटारी काढून सीमेपलीकडच्या प्रांतात जायचं. कॅनडातला हा प्रेअरी प्रांत आमच्या राज्याच्या अगदी डोक्यावर. इकडे सपाट जमीन, गहू आणि वारा. तिकडेही सपाट जमीन, गहू आणि वारा. पण तो परदेश, म्हणून सहल. शिवाय ज्या काकू मला दर शनिवारी जेवायला बोलवायच्या, त्यांची धाकटी बहीण तिथे राहायची आणि तिनं सगळ्यांना आमंत्रण दिलं होतं. सहल म्हटल्यावर माहितीपत्रक हवंच, असं सेक्रेटरी काकांचं म्हणणं. काहींचे आईवडील भारतातून आले होते, म्हणून ते मराठीत.

"एका पानात बसव," काका म्हणाले. "दुसरं पान कुणी वाचत नाही."

मी त्या प्रांताच्या पर्यटन खात्याला पत्र लिहिलं. आठवड्यात जाडजूड पाकीट आलं, तेही फुकट. माझे वडील एस.टी.त कंडक्टर. सरकारी खात्यानं विचारल्याबरोबर उत्तर दिलंय, हे आमच्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. मी ती पुस्तिका परीक्षेला लावल्यासारखी वाचली, खाली रेघा मारून.

मग समितीची बैठक झाली. वेग तिथे किलोमीटरमध्ये लिहितात, हे सगळ्यांना पसंत पडलं. त्यात थोडं भारतात गेल्यासारखं होतं. "डास आहेत" हे वाक्य काढलं गेलं, कारण आपण डासांना भिणारे वाटू नये. दारू सरकारी दुकानात मिळते, हेही काढलं गेलं, कारण पत्रक आईवडील वाचणार होते. बैठकीनंतर एका काकांनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "ते मूळ पान देशील का मला? दुकानाच्या वेळा बघायच्या होत्या." त्या प्रांतात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, यावर तर पाऊण तास चर्चा झाली. एक वाजताचं जेवण म्हणजे कुणाचा एक? शेवटी ठरलं, की जेवण मंडळाच्या वेळेनं. ती वेळ कुठल्याच देशाला ठाऊक नव्हती.

तळाशी तीन ओळी उरल्या आणि पुस्तिकेतला झाडांचा परिच्छेद राहिला होता. तो मोठा होता, जर-तर पुष्कळ होतं. मी लिहिलं: "झाडे, रोपे, माती व बिया नेण्यास सक्त मनाई आहे." एस.टी.त लहानाची मोठी झाल्यामुळे मला नियम असेच माहीत होते. पाटीवर जर-तर नसतं.

निघालो तेव्हा मी शनिवारच्या काकूंच्या गाडीत होते. त्यांचे यजमान, तेही माझे काकाच, गाडी चालवत होते, काकू शेजारी, मागे त्यांची सोळा वर्षांची मुलगी आणि मी. आमच्या दोघींच्या मधे मोठा प्रेशर कुकर, तोंडाला टॉवेल बांधलेला. दोन तास मी त्याच्याकडे बघत होते.

"काकू, यात काय आहे?"

"साबुदाणा."

मुलगी टॉवेलखाली डोकावली. "मॉम, साबुदाण्याला पानं येतात?"

काकूंनी मागे न बघता सांगितलं. कढीपत्त्याचं रोप होतं. खिडकीत, हीटरजवळ, चार हिवाळे वाचवलेल्या झाडाचं पिल्लू. बहिणीला पाचवा महिना होता आणि दर फोनला ती एवढंच मागायची. "तुझं ते पत्रक वाचलं, म्हणून तर कुकरात घातलं. नाहीतर मांडीवर घेऊन बसले असते."

"इट्स कॉल्ड स्मगलिंग, मॉम," मुलगी म्हणाली.

"गप्प बस गं."

"कुणी काही बोलायचं नाही," काका म्हणाले. "विचारलं तर मी बघतो."

त्या तिघांकडे अमेरिकेचे पासपोर्ट होते. माझ्याकडे भारताचा पासपोर्ट, त्यात अमेरिकेचा विद्यार्थ्याचा व्हिसा आणि सहलीपुरता कॅनडाचा. सीमेवर खोटेपणात सापडले, तर मला पुन्हा कॉलेजात येऊ देतील का, मला माहीत नव्हतं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे असलं विचारायचं कुणाला, तेही माहीत नव्हतं. काकूंच्या हातचं दोन वर्षं खाल्लं होतं. पुढचा अर्धा तास मी सरळ रस्त्याकडे बघत बसले. सरळ रस्ता तिथे भरपूर होता.

सीमेवर लहानसं ऑफिस, एक झेंडा आणि एक वयस्क अधिकारी. त्यानं काकांना विचारलं: हत्यारं? दारू? झाडं? काका तीनदा "नो" म्हणाले, तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं. मग तो वाकून माझ्याकडे बघत म्हणाला, "अँड यू, मिस?"

मला "नो" म्हणायचं होतं. निघालं ते, "येस सर. कुकरमध्ये एक झाड आहे."

काकूंची मान ताठ झाली.

त्यानं आम्हाला आत नेलं, पासपोर्ट टेबलावर ठेवले आणि टॉवेल सोडला. रोप मधेच वाकलं होतं. ऑफिसभर कढीपत्त्याचा वास सुटला. हे कशासाठी, त्यानं विचारलं. मी त्याला फोडणी समजावून सांगितली, मोहरीपासून. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"घरातल्या खिडकीत वाढवलंय? मग लपवलं कशाला? कुंडीतलं घरचं झाड चालतं. फक्त दाखवायचं." त्यानं फळीवरून तीच पुस्तिका काढली आणि त्या परिच्छेदाच्या शेवटी बोट ठेवलं. माझ्या प्रतीत मी रेघ फक्त सुरुवातीला मारली होती.

"हे तू वाचलं होतंस?" काकू.

"जागा नव्हती, काकू."

"म्हणजे एवढा वेळ रोप कुकरात कोंबलं, ते तुझ्या जागेपायी?"

तेवढ्यात खिडकीतून मंडळाच्या बाकीच्या गाड्या रांगेत येताना दिसल्या. "तुमच्यातलेच?" अधिकाऱ्यानं विचारलं. मी हो म्हणाले. त्या सगळ्यांनी माझं पत्रक वाचलंय, हेही सांगून टाकलं. त्यानं चष्मा काढून डोळे चोळले. "मग जा, सांग त्यांना. पासपोर्ट राहू दे इथेच."

पहिली गाडी सेक्रेटरी काकांची. "काका, कुंडीतली झाडं चालतात. फक्त सांगायचं."

"आमच्याकडे काहीही नाही," ते करारीपणानं म्हणाले.

मागून त्यांच्या आईंचा आवाज आला, "अरे, आणि माझी तुळस?"

पुढच्या गाडीत बाळाच्या दुपट्यांखाली गवती चहा निघाला. त्याच्या पुढच्या गाडीत ओवा, थर्मासमध्ये. ऑफिसच्या पायरीवर कुंड्या, डबे आणि एक बूट मांडला गेला. बुटात ब्रह्मकमळाचं पान होतं. अधिकाऱ्यानं एकेक बघितलं. एक पिशवी शेतातल्या मातीची होती, तेवढी परत पाठवली. मग त्यानं माझ्या पासपोर्टवर शिक्का मारला आणि तो माझ्या हातात दिला. मी दोनदा थँक यू म्हणाले.

आम्ही पुन्हा गाडीत बसलो. काकूंनी कुकर आता मांडीवर घेतला होता. वाकलेला देठ त्या बोटांनी सरळ करत होत्या, तो पुन्हा कलत होता.

"पेन आहे तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं.

मी घाईघाईनं पर्समधून काढलं. "काय लिहायचंय, काकू?"

"काही नाही. तू तर आता काहीच लिहू नकोस," त्या म्हणाल्या. आणि वेणीचं रबर सोडवून त्यांनी माझं पेन देठाला टेकू म्हणून बांधलं.