कळमेश्वरची दोन कलमं

समस्त सुज्ञ वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, नागपुरातल्या एका नव्या वसाहतीतून, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, संत्र्याची दोन कलमं चोरीला गेली आणि चोर कोण हे मी दात घासता घासताच ओळखलं.

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. किरायाच्या खोल्या सोडून आम्ही स्वतःच्या घरात आलो आणि घरापुढे चार खाटा मावतील एवढी मोकळी जागा निघाली. दुसऱ्या कोणी तिथे मेथी पेरली असती. मी आराखडा काढला, तोही आलेखाच्या कागदावर, कंपास घेऊन! मधे गोल हिरवळ, हिरवळीला तिरप्या विटांची कड, विटांना आळीपाळीने गेरू आणि चुना, लकडगंजातून आणलेल्या बांबूंची कमान आणि कमानीवर मधुमालती. (मधुमालती अजून यायची होती. कमान मात्र एकदा वाऱ्याने पडूनही झाली होती.) फाटकाच्या दोन्ही बाजू तेवढ्या रिकाम्या होत्या, कारण तिथे मला काहीतरी भारदस्त हवं होतं. द्वारपालांसारखं.

माझे सासरे, म्हणजे मामाजी, कळमेश्वरकडचे संत्र्याचे बागाईतदार. त्यांच्या विहिरीजवळ एक झाड होतं, त्याचं कलम त्यांनी सख्ख्या भावालाही दिलं नव्हतं. माझी बायको सुमन माहेरी जाऊन रुसली, जेवली नाही, आणि दोन कलमं घेऊन आली. मामाजी ती पोचवायला सोबत आले होते.

"संत्रं काय चौकीदार हाये काय, फाटकावर उभं कराले?" त्यांनी विचारलं.

"डिझाइन आहे, मामाजी."

"बरं बाप्पा. पोळा झाला का येतो पाहाले."

जावयाला कधी उलट बोलायचं नाही, हा मामाजींचा नेम. पोटात काय चाललंय ते फक्त त्यांच्या मिशीवरून कळायचं. सुमनला तसला काही नेम नव्हता. ती म्हणाली, "या कलमांना काही झालं, तर मी बाबांना तोंड दाखवणार नाही. तुम्हाला तर नाहीच नाही."

आता शेजारचे ठवकर. त्यांच्या बागेला आराखडा नावाची गोष्टच नव्हती. रेडिओच्या एरियलवर तोंडलीचा वेल, गुलाबात वांगी, वांग्यात झेंडू, आणि सगळं कसं रसरशीत! (संशय यायला एवढं पुरेसं होतं.) त्यात ते एकदा हात मागे बांधून फाटकाशी आले, वाकले, पान चुरगळून हुंगलं आणि म्हणाले, "भारी माल हाये गा. कुठून आणला?"

माल! सज्जन माणूस झाडाला माल म्हणतो का?

त्या दिवसापासून मी पडद्याआडून पहारा सुरू केला. ठवकर झाडांना पाणी घालताना आमच्याकडे बघायचे. मग एक दिवस बघेनासे झाले, तेव्हा तर माझी खात्रीच पटली.

"सुमन, तो बघत नाहीये."

"मग?"

"मुद्दाम बघत नाहीये."

"तुम्ही आधी आंघोळ करून घ्या," सुमन म्हणाली.

घरात तेव्हा कामठीची आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेली होती. पोळ्याच्या संध्याकाळी ती चाचपडत फाटकाशी गेली, दोन्ही कलमांना हळदकुंकू वाहिलं आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. "सायब झाला माहा मधू, पण रीत नाही सोडली पोरानं."

मी सुमनला कोपराने ढोसलं. "बघ. अर्धी नजर गेलेल्या बाईलासुद्धा डिझाइन दिसतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे अंथरुणातच मोहल्ल्यातली आरोळी ऐकू आली, "इडापिडा घेऊन जा गे मारबत!" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरातलं अरिष्ट मारबत नावाच्या पुतळीसोबत असं ओरडून गावाबाहेर घालवायचं, ही आमच्याकडची पद्धत. एक आवाज तर अगदी आपल्या दाराशीच असल्यासारखा आला. आपली संस्कृती किती थोर, असं मनात म्हणत मी चादर डोक्यावर ओढून घेतली.

उठून ब्रश तोंडात घालून अंगणात आलो, तर फाटकाच्या दोन्ही बाजूंना खड्डे! नुसते खड्डे. एक या बाजूला, एक त्या बाजूला. चोराने निदान माझं डिझाइन मोडलं नव्हतं.

मी तडक भिंतीवरून पलीकडे डोकावलो. ठवकरांच्या अंगणात ताज्या मातीचे दोन उंचवटे, वर ओली पोती! इकडे मामाजींची बस यायची वेळ झालेली. मी खुरपं घेतलं आणि भिंतीवरून उडी मारली. पायजमा तोंडलीच्या तारेत अडकला, तो तसाच फाडून पुढे गेलो आणि दोन्ही उंचवटे तळापासून उकरले.

ठवकर चहाचा कप घेऊन बाहेर आले. "काय शोधून राहिले तुमी?"

"माझी कलमं."

"थो फुलकोबीचा वाफा हाये. कालच बी टाकलं होतं." त्यांनी एक घोट घेतला. "अन् कलम कोणी पोत्याखाली झाकते काय? मरून नाही जाणार थे?"

"झाकायचं कसं नाही, हेही तुम्हाला बरोबर माहीत आहे!" मी बोट रोखून म्हणालो.

ठवकरांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. तेवढ्यात आमच्या फाटकाशी मामाजी दिसले. काखेत छत्री, हातात पिशवी. त्यांनी एक खड्डा पाहिला. दुसरा पाहिला. मग भिंतीपलीकडे मातीने माखलेला मी.

"जवाईबापू, कलमं तिकडं लावले काय?"

"यांनी चोरली, मामाजी," असं म्हणत मी भिंतीवर चढलो. एक पाय ठवकरांकडे, एक आमच्याकडे, आणि फाटका पायजमा दोन्हीकडे. गलका ऐकून सुमन बाहेर आली, तिच्यामागे आत्या.

"कोणते कलमं गा?" आत्याने विचारलं.

"फाटकाजवळची, आत्या. दोन्ही बाजूंची."

"थे? थे तं मेढे होते ना?"

आमच्याकडे पोळ्याला दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या रोवतात. ते मेढे. दुसऱ्या दिवशी पहाटे ते उपटायचे आणि मारबतीच्या नावाने ओरडत शिवेबाहेर नेऊन फेकायचे, म्हणजे घरातली पीडाही त्यांच्यासोबत जाते. मी मेढे रोवलेच नव्हते. पण फाटकाच्या दोन बाजूंना दोन काड्या एवढ्या मापात उभ्या केल्यावर मोतीबिंदूवाल्या आत्याने दुसरं काय समजावं?

"पार नाल्यात टाकून आली मी," ती अभिमानाने म्हणाली. "केवढी ओरडली! तुले आयकू नाही आलं?"

आलं होतं. आवडलंही होतं.

नाला दुथडी भरून वाहत होता. सुमनने आधी बाबांकडे पाठ फिरवली, मग माझ्याकडे. मामाजींनी गेरूच्या विटा पाहिल्या, कललेली कमान पाहिली, कंपासातून निघालेली गोल हिरवळ पाहिली, आणि मग भिंतीवरच्या माझ्याकडे नजर वळवली. मिशी एकदा हलली. पुन्हा हलली. आणि लग्नापासून पाळलेला नेम त्या सत्पुरुषाच्या तोंडून सगळ्यांदेखत सुटला:

"बाई, तुमी कलमं काहून फेकले? पीडा तं हे पाहा, भिंतीवर बसून हाये."